साडेचार मिलिमीटरची उणीव

१९६२ साली आयर्लंडच्या सीआयई या सरकारी वाहतूक संस्थेने अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडून १४१ वर्गाची ३७ डिझेल इंजिने घेतली. या इंजिनाचे मर्फी मॉडेल्सने काढलेले ओओ मापातले मॉडेल रुळावर ठेवा, डोळे रुळांच्या पातळीला आणा आणि समोरून पाहा. खिडक्यांच्या कडा, कठड्यांच्या तारा, नारिंगी-काळा रंग, सगळे जागच्या जागी आहे. फक्त चाके पोटाखाली ओढून घेतल्यासारखी दिसतात, धिप्पाड माणसाने लहान मुलाचे बूट घालावेत तशी. तयार मॉडेल म्हणजे खऱ्या गाडीची सर्व बाजूंनी सारखी लहान केलेली प्रत, असा सर्वसाधारण समज आहे. रुळांच्या बाबतीत तो चुकीचा आहे, आणि आयरिश गाड्यांच्या बाबतीत तर फारच चुकीचा.

हिशेब सोपा आहे. ओओ मापात खरा १ फूट म्हणजे मॉडेलचे ४ मिलिमीटर, म्हणजेच १:७६.२. आयर्लंडच्या दोन रुळांमधले अंतर ५ फूट ३ इंच, १६०० मिमी. ७६.२ ने भागले की बरोबर २१ मिमी येतात. पण ओओचा बाजारातला रूळ १६.५ मिमीचा असतो. तो मुळात एचओ या लहान, १:८७ मापासाठी ठरलेला. ब्रिटिश इंजिने अंगाने बारीक असल्याने त्या काळच्या विजेच्या मोटारी त्यांच्या १:८७ सांगाड्यात मावत नव्हत्या, म्हणून वरची गाडी मोठी केली आणि रूळ तसाच ठेवला. ब्रिटिश गाडीला ही तडजोड २.३ मिमीला पडते, आयरिश गाडीला साडेचार मिमीला. खऱ्या जगात हा फरक ३४ सेंटिमीटरचा झाला असता. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिमी याच मापात २२ मिमी होतात, तेव्हा बोरीबंदर-ठाणे मार्ग ओओ रुळावर उभारणाऱ्याची अडचण याहून एक मिलिमीटरने मोठी.

हे ५ फूट ३ इंच आले कुठून? आयर्लंडमध्ये १८३४ ची डब्लिन-किंग्स्टाउन रेल्वे ४ फूट ८.५ इंचांची होती, अल्स्टर रेल्वे ६ फूट २ इंचांची आणि डब्लिन-ड्रोहेडा ५ फूट २ इंचांची. या तिन्हींची सरासरी काढली आणि वाद मिटवला, अशी गोष्ट हौशी मंडळी रंगवून सांगतात. बेरीज करून पाहा : सरासरी ६४ इंचांच्या वर जाते, आणि ५ फूट ३ इंच म्हणजे ६३. खरी हकीकत अशी की मेजर जनरल पॅस्ली यांनी अनुभवी इंजिनिअरांची मते मागवली, ती ५ फूट ते ५ फूट ६ इंच अशी आली आणि त्यांचा मध्य घेतला गेला. १८४६ च्या कायद्याने तो पक्का झाला.

२१ मिमीवर जायचे ठरवले की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की दुकानातला सांधा, म्हणजे एका वाटेच्या दोन वाटा करणारा रुळांचा तयार तुकडा, आता उपयोगाचा नाही. सरळ रूळ घालणे हे चिकाटीचे काम आहे, अवघड नाही. खरा कस लागतो सांध्यात, आणि सांध्यातही त्याच्या त्या एका जागेत, जिथे दोन वाटांचे रूळ एकमेकांना छेदतात. ही जागा नीट समजली की बाकीचे काम हाताला येते, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घालवू.

चाकाच्या आतल्या कडेला एक कंगोरा असतो, फ्लँज. तो रुळाच्या आतून चालतो. जिथे दुसरा रूळ आडवा येतो, तिथे कंगोऱ्याला पलीकडे जायला फट ठेवावीच लागते. त्या फटीपलीकडे दोन रूळ एकत्र येऊन इंग्रजी व्ही अक्षरासारखे टोक होते, त्याला नाक म्हणू. नाकाच्या दोन्ही बाजूंना बाहेर वळलेले रूळ असतात, त्या विंग रेल. आणि समोरच्या, म्हणजे त्याच आसावरच्या दुसऱ्या चाकाच्या रुळाला आतून चिकटून एक आखूड जादा रूळ असतो, ती चेक रेल. रेल्वे स्टेशनवर सांध्याजवळ उभे राहून पाहिले तर हे सगळे भाग स्पष्ट दिसतात.

गंमत अशी, की फटीतून जाताना चाकाला आपल्या बाजूने दिशा दाखवणारे काहीच नसते. १:६ कोनाचा सांधा आणि १ मिमीची फट घेतली, तर विंग रेल वळते तिथपासून नाकाच्या टोकापर्यंत ६ मिमी अंतर पडते. या ६ मिमीत चाक भलतीकडे का वळत नाही? कारण दोन चाके एका आसावर घट्ट बसलेली आहेत, आणि पलीकडच्या चाकाची पाठ चेक रेलने धरून ठेवलेली आहे. चेक रेल पलीकडच्या चाकाला ओढते, आस ती ओढ अलीकडे पोचवते आणि अलीकडचा कंगोरा नाकाला न शिवता निसटतो. सांध्यातली सगळी सुरक्षितता त्या आखूड तुकड्यावर आहे.

आता आकडे. दोन चाकांच्या आतल्या पाठींमधल्या अंतराला पाठ-अंतर म्हणू. गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, २१.० आणि फट १.० असेल, तर चेक रेलच्या धरणाऱ्या कडेपासून नाकाच्या चालत्या कडेपर्यंत २०.० मिमी उरतात. पाठ-अंतर अधिक एका कंगोऱ्याची जाडी ही बेरीज या २०.० पेक्षा कमीच हवी. कंगोरा ०.६ मिमी आणि पाठ-अंतर १९.३ असेल तर १९.९ होतात, गाडी सुटली. पाठ-अंतर १९.५ झाले तर २०.१, आणि कंगोरा नाकावर आपटतो. उलट बाजूची मर्यादा अशी : चेक रेल आणि विंग रेल यांच्या धरणाऱ्या कडांमध्ये १९.० मिमी असतात. पाठ-अंतर त्याहून कमी, समजा १८.९ असेल, तर चाकांची जोडी त्या दोन रुळांवर अडकते आणि वर चढते. म्हणजे हाती उरलेली जागा १९.० आणि १९.४ यांच्यामधली, जेमतेम ०.४ मिमी.

त्यामुळे सांधा बांधताना सांभाळायचे माप २१ नव्हे, २० आहे. नवखे इथेच फसतात. वळणावर सहा चाकी बोगी (इंजिनाखालचा किंवा डब्याखालचा चाकांचा फिरता गाडा) अडकू नये म्हणून गेज ०.३ मिमीने वाढवून २१.३ केले, की चेक रेल सवयीने समोरच्या रुळापासून १ मिमीवर लावली जाते. मग चेक रेल ते नाक हे अंतर २०.३ होते, चेक रेल आणि विंग रेल यांच्या कडांमधले १९.० चे १९.३ होतात, १९.३ पाठ-अंतराची चाके तिथे अडकतात आणि गेज वाढवलेल्या सांध्यावरच गाडी घसरते. चेक रेल मोजायची ती नेहमी नाकापासून, शेजारच्या रुळापासून नाही. गेज वाढले तर चेक रेलची फटही तेवढीच, १.३ मिमी.

दुसरा प्रश्न आधाराचा. फटीवरून जाताना चाक खाली का पडत नाही? चाकाची बाहेरची बाजू अजून विंग रेलवर टेकलेली असते आणि ती सुटण्याआधी नाक चाकाला उचलून घेते. त्यासाठी चाकाची रुंदी फटीच्या दुपटीहून जास्त हवी. ईएम या हौशी मंडळींच्या बारीक मापाची २.३ मिमी रुंद चाके १ मिमीच्या फटीवरून अलगद जातात. हीच चाके १.२५ मिमीच्या फटीवर नेली तर दुप्पट २.५ होते, चाक खड्ड्यात उतरते आणि प्रत्येक डब्याला ‘टक’ असा आवाज येतो. बाजारातल्या आरपी-२५/११० चाकांतला ११० हा आकडा म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागातली रुंदी, २.८ मिमी. त्यांना आधार भरपूर मिळतो, पण कंगोरा ०.७५ मिमीच्या आसपास जाड असतो. तीच चाके वापरायची असतील तर पाठ-अंतर १९.२ ठेवा : १९.२ अधिक ०.७५ म्हणजे १९.९५, जेमतेम बसते.

सांध्याची लांबी आणि वळणही गेजबरोबर वाढते. इंजिनिअरिंगच्या पुस्तकातले सूत्र आहे : वळणाची लांबी सुमारे दोन गुणिले गेज गुणिले कोनाचा आकडा (१:६ मधला ६). १:६ साठी १६.५ च्या रुळावर १९८ मिमी, २१ वर २५२ मिमी. जुना आराखडा तसाच उचलला तर प्रत्येक सांधा पाच सेंटिमीटरहून जास्त सरकतो. मोबदल्यात त्रिज्या दीड मीटर मिळते आणि लांब डबे खुलून दिसतात. सीआयईने १९७२ साली घेतलेल्या मार्क-२ डब्यांच्या बोगींमधले अंतर या मापात १८६ मिमी येते. ६०० मिमी त्रिज्येवर असा डबा मधोमध ७ मिमीहून जास्त आत झुकतो, ९०० वर ४.८ मिमी. पूर्ण वर्तुळ घालायचे तर निदान दोन मीटर रुंद खोलीचा तुकडा जातो, म्हणून भिंतीकडेचा फळीसारखा लेआउट बरा : १.२ मीटरच्या दोन फळ्या, ४५ सेंमी रुंद, वर ९ मिमी प्लायवूड आणि खाली प्लायच्याच ७५ मिमी पट्ट्यांची चौकट. त्यावर तीन सांधे, इंजिन फिरून दुसऱ्या टोकाला लावता येईल अशी एक वळसा-लाइन आणि एक मालधक्का बसतो. काळ निवडताना एक लक्षात ठेवा. १९६१ ची १२१ वर्गाची १५ इंजिने एकाच टोकाला केबिन असलेली होती, त्यामुळे एकटे इंजिन दाखवायचे तर टर्नटेबल, म्हणजे इंजिनाचे तोंड फिरवणारी गोल चकती, हवे. १४१ ला दोन्ही टोकांना केबिन असल्याने जागा वाचते.

सांध्यासाठी तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीच्या) पट्ट्यांचे स्लीपर घ्या. नमुना कागदावर पूर्ण मापात छापून फळीवर चिकटवा आणि स्लीपर त्यावर दुहेरी टेपने बसवा. प्रत्येक स्लीपरच्या तांब्याला मधे कानशीने खाच पाडा, नाहीतर दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जाऊन शॉर्ट होईल. आधी सरळ बाजूचा बाहेरचा रूळ लावा. मग नाक : दोन रूळ १:६ साठी साडेनऊ अंशाला घासून एकत्र डाखायचे आणि टोक ०.४ मिमी रुंद, किंचित बोथट ठेवायचे. सुईसारखे टोक कंगोऱ्याला पकडते. नाक जागेवर बसल्यावर १ मिमी पितळी पट्टी मधे धरून विंग रेल, मग २१ च्या गेजने दुसरा बाहेरचा रूळ, आणि सर्वांत शेवटी नाकापासून मोजून चेक रेल. डाख ६०:४० चे चालते, सुमारे १९० अंशांपर्यंत वितळते. डाख नीट धरावा म्हणून फॉस्फोरिक आम्लाचा फ्लक्स वापरला तर त्याच दिवशी कोमट पाण्याने आणि ब्रशने धुऊन काढा. राहिलेला फ्लक्स काही आठवड्यांत सांध्याला हिरवट बुरशीसारखा थर आणतो.

डब्यांची चाके बदलणे तुलनेने सोपे. पण ब्रिटिश वाघिणीची, म्हणजे मालडब्याची, टोकदार आस २६ मिमीची असते, आणि २.८ मिमीची चाके १९.२ वर बसवली की बाहेरून बाहेर २४.८ होतात. दोन्हीकडे ०.६ मिमी उरतात आणि चाक बेअरिंगच्या कडेला घासते. २८ मिमीची आस घ्या आणि चौकटी तेवढ्या बाहेर सरकवा. इंजिनात चाके नुसती बाहेर ओढण्याचा मोह टाळा. अनेक डिझेल मॉडेलांत आसाचे दोन अर्धे तुकडे मधल्या प्लॅस्टिक दंतचक्राच्या नळीत रुतलेले असतात. १४.५ वरून १९.३ ला जाताना प्रत्येक बाजू २.४ मिमी बाहेर येते. रुतलेला भाग ४ मिमी असेल तर १.६ उरतो, चाक डुलू लागते आणि वर सांगितलेले ०.४ मिमी एका फेरीत संपतात. तिथे अखंड लांब आसच हवी. ‘थ्री-डी प्रिंटरवर चाके, सांधे, सगळे घरी छापा’ अशा जाहिरातींना भुलू नका. रेझिनची चौकट उत्तम होते, पण छापलेले चाक वीज वाहत नाही आणि अचूक गोलही निघत नाही.

विजेबद्दल थोडक्यात. रूळ निकेल सिल्व्हरचे असतात, पण त्यात चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू, आणि त्याचा रोध तांब्याच्या पंधरापटीहून जास्त. म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून तांब्याची तार द्या, जोडपट्टीवर विसंबू नका. नाक दोन्ही वाटांना सामाईक असल्याने त्याची बाजू सांध्याबरोबर बदलावी लागते. सांधा हलवणाऱ्या मोटारीच्या स्विचवर ते काम सोपवा. रूळ पुसायच्या ‘चमत्कारी’ द्रावणांनी तुटक तार जोडली जात नाही.

खडी ०.७ मिमीच्या आसपास चाळा, कारण खरी ५० मिमी खडी ७६ पट लहान केली की तेवढीच होते. दुकानातली बहुतेक खडी जाड असते. पांढरा फेव्हिकॉल आणि पाणी समप्रमाणात, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून पृष्ठताण मोडा, नाहीतर थेंब खडीवर मण्यासारखे बसून राहतात. हलत्या रुळांच्या टोकांपासून हे मिश्रण दूर ठेवा.

खडी टाकण्याआधीच चाचणी घ्या, आणि इंजिनाशिवाय. एक हलकी चारचाकी वाघीण बोटाने सांध्यावरून दोन्ही वाटांनी, दोन्ही दिशांनी ढकला. नाकावर ठोका आला तर पाठ-अंतर तरी जास्त आहे किंवा चेक रेल नाकाच्या जवळ तरी सरकली आहे. चाक खाली बुडाले तर फट रुंद आहे. वाघीण उचलली जाऊन थांबली तर दोन फटींच्या मधे ती अडकली आहे. व्हर्नियरने आधी चाक मोजा, मगच रुळाला डाखणी लावा.