विनिपेग ते सॉल्ट लेक सिटी : हक्काच्या रिंकविना फिरलेला संघ

एप्रिल 2024 मध्ये ॲरिझोना कायोटीज या आइस हॉकी संघाचे खेळाडू, प्रशिक्षक आणि ड्राफ्टमधले (नवे खेळाडू निवडण्याचे) हक्क अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला गेले. चर्चा झाली ती मालकाची आणि 120 कोटी डॉलरच्या व्यवहाराची. पण या संघाचं दुखणं जुनं होतं आणि ते इमारतीचं होतं.

1972 साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये हा संघ ‘जेट्स’ नावाने सुरू झाला आणि 1979 मध्ये एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये आला. तिथली अरीना, म्हणजे बंदिस्त स्टेडियम, 1955 सालची. नव्या अरीनांना घसघशीत उत्पन्न देणाऱ्या आलिशान बॉक्सना तिथे पुरेशी जागा नव्हती. त्यात तिकिटांचे पैसे कॅनेडियन डॉलरमध्ये यायचे आणि खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये द्यावे लागायचे. 1990 च्या दशकाच्या मध्यात कॅनेडियन डॉलर 73 अमेरिकन सेंटच्या आसपास घसरला होता. स्टेडियम भरलं तरी हिशेब जुळेना. नव्या अरीनाचा खर्च कोण उचलणार हेही ठरलं नाही आणि 1996 मध्ये संघ ॲरिझोनातल्या फीनिक्सला गेला.

तिथे मिळालेली अमेरिका वेस्ट अरीना बास्केटबॉलसाठी बांधलेली. बास्केटबॉलचं मैदान 94 बाय 50 फूट, तर एनएचएलचं रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, 200 बाय 85 फूट. रिंक बसवायला एका टोकाच्या खालच्या खुर्च्या काढाव्या लागल्या, तरी वरची गॅलरी बर्फावर झुकलेलीच राहिली. तिथे बसणाऱ्याला खालचा गोल दिसतच नसे. अशा कमी दर्जाच्या हजारो जागा होत्या आणि त्यांना पूर्ण दर लावणं शक्य नव्हतं.

डिसेंबर 2003 मध्ये फीनिक्सच्या पश्चिमेला असलेल्या ग्लेनडेलला हॉकीसाठीच बांधलेली अरीना मिळाली, पण चुकीच्या जागी. संघाचे बरेच प्रेक्षक स्कॉट्सडेलसारख्या पूर्वेकडच्या भागात राहायचे. कामाच्या दिवशी संध्याकाळी 7 च्या सामन्याला भर गर्दीत अख्खं महानगर ओलांडून पश्चिमेला जायचं म्हणजे सत्त्वपरीक्षाच. 2009 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला. संघ कॅनडातल्या हॅमिल्टनला नेण्याची बोली न्यायालयाने फेटाळली आणि शेवटी लीगनेच 14 कोटी डॉलरला संघ विकत घेतला. पुढे शहराशी भाडेकराराचे वाद विकोपाला गेले आणि 2022 मध्ये तीही अरीना सुटली.

मग आली टेंपी शहरातली, ॲरिझोना स्टेट विद्यापीठाची मलेट अरीना. सुमारे 4,600 प्रेक्षकांची! तिथे एनएचएलच्या मापाच्या ड्रेसिंग रूमही नव्हत्या, त्या जोडून बांधाव्या लागल्या. 16 मे 2023 रोजी टेंपीच्या मतदारांनी नव्या अरीनाचे तिन्ही प्रस्ताव नाकारले, तिथे ॲरिझोनात टिकण्याची वाट आणखी बिकट झाली.

नोंदींबाबत एक गोष्ट हमखास चुकते. आज विनिपेगमध्ये खेळणारे जेट्स म्हणजे 2011 मध्ये तिथे आलेला अटलांटाचा संघ. 1996 पर्यंतच्या जुन्या जेट्सचे विक्रम कायोटीजच्या खाती गेले. युटाचा संघ, 2025 पासूनचा ‘मॅमथ’, लीगने नवा मानला आहे, त्यामुळे ते विक्रम त्याच्याकडे आलेले नाहीत.

वारसा मिळाला तो अडचणीचा. सॉल्ट लेक सिटीतलं 1991 सालचं डेल्टा सेंटरही बास्केटबॉलसाठीच बांधलेलं. पहिल्या हंगामात संपूर्ण रिंक दिसेल अशा जागा निघाल्या फक्त 11,131, आणि आता तिथली बैठकव्यवस्थाच बदलण्याचं काम हाती घेतलं आहे.