पार्श्वभूमी : एदलाबाद ते मुक्ताईनगर, एका आमदाराची वाटचाल

खानदेशात साहेब कमी, भाऊ जास्त. मुक्ताईनगरच्या चहाच्या टपरीवर मात्र नुसतं ‘भाऊ’ म्हटलं तरी एकनाथ खडसेंबद्दल चाललंय हे कळतं. सुरुवात कोथळीच्या सरपंचपदापासून. संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते तेच हे कोथळी. १९९० मध्ये ते पहिल्यांदा विधानसभेत गेले आणि पुढच्या पाच निवडणुकाही जिंकले. जुने निकाल चाळताना एक घोळ होतो : २००४ पर्यंत कागदोपत्री मतदारसंघ ‘एदलाबाद’ आहे, ‘मुक्ताईनगर’ २००९ पासून. पुढे राष्ट्रपती झालेल्या प्रतिभाताई पाटील १९६७ ते १९८५ इथूनच आमदार होत्या.

शेटजी-भटजींचा म्हणून हिणवला जाणारा भाजप केळीच्या पट्ट्यात, लेवा पाटलांच्या ओट्यावर नेऊन बसवला तो भाऊंच्या पिढीने. १९९५ च्या शिवसेना-भाजप युती सरकारात त्यांच्याकडे अर्थ आणि पाटबंधारे ही खाती होती, २००९ पासून विरोधी पक्षनेतेपद.

मग आली २५ सप्टेंबर २०१४, घटस्थापना. अर्ज भरायला दोनच दिवस उरलेले. मित्रपक्ष शिवसेनेने ‘शेवटचा’ म्हणून दिलेला प्रस्ताव होता स्वतःला १५१, भाजपला ११९ आणि घटकपक्षांना १८ जागा. तो फेटाळला गेला आणि पंचवीस वर्षांची युती संपल्याचं भाऊंनी पत्रकारांसमोर सांगितलं. इथून क्रियापदाचा वाद सुरू झाला. यांचे कार्यकर्ते म्हणतात युती ‘तुटली’, समोरचे म्हणतात ‘तोडली’, आणि तोडणारा म्हणून नाव भाऊंचंच घेतात. निर्णय पक्षाचा होता, माझ्याकडे फक्त जाहीर करायचं काम आलं, असं ते नंतर वारंवार सांगत राहिले. ते पटण्यासारखं आहे. राज्यभराच्या जागावाटपाचा शेवट एकट्या विरोधी पक्षनेत्याच्या मर्जीवर ठरत नसतो. पण कॅमेऱ्यासमोर जो बसला, त्याच्याच नावावर ते लागलं. पक्षाच्या १२२ जागा आल्या तेव्हा तो निर्णय सगळ्यांचा झाला, आणि निकालानंतर दीड महिन्यात दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र सत्तेत बसले तेव्हा तो परत भाऊंचा झाला!

मुख्यमंत्रिपद हुकलं, महसूल, कृषी अशी वजनदार खाती मिळाली. भोसरीच्या जमीन व्यवहारावरून आरोप झाले आणि ४ जून २०१६ रोजी त्यांनी राजीनामा दिला. आरोप त्यांनी कायम नाकारले.

२०१९ ला उमेदवारीच्या याद्यांमागून याद्या आल्या, भाऊंचं नाव कुठेच नव्हतं. तिकीट मुलीला मिळालं आणि ती सुमारे दोन हजार मतांनी पडली. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी पक्ष सोडला, जून २०२२ मध्ये नव्या पक्षाकडून, राष्ट्रवादी काँग्रेसकडून, विधान परिषदेवर गेले.

२०१९ ला मुलीला हरवणारा अपक्ष हा त्याच जुन्या मित्रपक्षाचा बंडखोर होता. २०२४ ला तोच पुन्हा निवडून आला, या वेळी धनुष्यबाणावर.