सिएना शहराचा खजिनदार व्हायला काय लागायचं? १३व्या शतकातली पात्रता, निवड आणि कागदपत्रं

इटलीतलं सिएना तेव्हा आपला कारभार आपणच बघायचं. कर, दंड, सैनिकांचे पगार, रस्त्यांची डागडुजी, सगळा पैसा बिकेर्ना नावाच्या खात्यातून फिरायचा, आणि या खात्याचा मुख्य खजिनदार म्हणजे कामेर्लेंगो हा बऱ्याचदा चक्क मठातला ख्रिस्ती संन्यासी असायचा.

आधी अर्जाचं बोलू. संन्याशाला अर्ज करताच यायचा नाही. त्याने आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं, त्यामुळे स्वतःहून पद मागायचा प्रश्नच नाही, आणि शहराने बोलावलं तरी मठाधिपतीची परवानगी हवीच. मला ही अट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ज्याला तिजोरीची हाव आहे तो या वाटेने येऊच शकत नाही.

पात्रता म्हणाल तर सिएनाची पसंती जास्त करून सान गाल्गानोच्या सिस्टर्शियन (ख्रिस्ती संन्याशांचा एक पंथ) मठाला, शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर. उमिलियाती पंथाचे लोकही घेतले जायचे, ते लोकरीच्या कापडाच्या धंद्यातले म्हणून हिशोबाला पक्के. सिस्टर्शियन मठांकडे मोठी शेती असायची, म्हणजे जमाखर्च लिहायची सवय घरचीच. वर लग्न नाही, मुलंबाळं नाहीत, स्वतःच्या नावावर काही ठेवता येत नाही आणि शहरातल्या घराण्यांच्या भांडणात कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही. पण पद फक्त संन्याशांसाठी राखीव होतं असं समजू नका, अधूनमधून शहरातला गृहस्थही नेमला जायचा.

मुदत फक्त ६ महिने, जानेवारी ते जून नाहीतर जुलै ते डिसेंबर, मग चार्ज पुढच्याकडे. शिवाय सोबत ४ प्रोव्हेदितोरी म्हणजे शहरातले गृहस्थ अधिकारी असायचे, त्यांचीही मुदत तेवढीच. नुसत्या व्रतावर भिस्त ठेवली नव्हती ते बरंच केलं, माणूस कितीही सज्जन असला तरी पैशावर दुसऱ्याची नजर पाहिजेच.

कागदपत्रं म्हणजे जमाखर्चाच्या वह्या. मुदत संपली की वहीला लाकडी फळ्यांचं कव्हर लावायचे आणि त्यावर चित्र काढून घ्यायचे. उरलेल्यांपैकी सगळ्यात जुनी फळी १२५८ची, चित्रकार जिलियो दि पिएत्रो, आणि चित्रात सान गाल्गानोचा संन्यासी उगो बसलाय, पुढ्यात उघडी वही. ना सिंहासन ना तलवार, कामावर बसलेला कारकून जसा दिसेल तसाच, मला तर हे फार आवडतं. पुढे अशा फळ्यांवर प्रोव्हेदितोरींच्या घराण्यांची चिन्हंही यायला लागली, म्हणजे त्या ६ महिन्यांच्या हिशोबाला जबाबदार कोण हे वही न उघडताच कळायचं.

फ्लॉरेन्सनेही हाच मार्ग धरला होता, तिथे सेत्तिमो मठाचे सिस्टर्शियन आणि ओन्यिस्सांतीचे उमिलियाती खजिन्यावर असायचे.

सिएनाच्या १०० च्या वर फळ्या आज तिथल्या सरकारी आर्काइव्हमध्ये, पालाझ्झो पिक्कोलोमिनीत ठेवल्यात. जाणार असाल तर बघायची वेळ आधी विचारून घ्या.