सहाशे ग्रॅमचा हिशेब

साताऱ्यात कोणी एन्ड्युरो सायकल, म्हणजे डोंगरउताराच्या शर्यतीची सायकल, घ्यायला निघाला की पहिला प्रश्न ठरलेला : फ्रेम किती किलोची? मग मित्रांपैकी एक जण सीटखाली हात घालून सायकल उचलून बघतो आणि जाणत्यासारखी मान हलवतो. या सवयीला इतिहास आहे, फक्त तो दुसऱ्याच शर्यतीचा आहे.

डोंगरी सायकल जन्मली ती जडच. 21 ऑक्टोबर 1976 रोजी कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत 'रिपॅक' ही उताराची शर्यत सुरू झाली, महायुद्धाआधीच्या जाड टायरच्या लोखंडी धुडांवर. वजन वीस किलोच्या घरात, त्यामुळे वर न्यायची तर ढकलत किंवा ट्रकमध्ये टाकून. उतरताना मागच्या हबमधला, म्हणजे चाकाच्या मध्यातला, ब्रेक असा तापे की ग्रीसचा धूर होई, आणि हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. 'रिपॅक' म्हणजे पुन्हा भरणं; नाव पडलं ते त्यावरूनच. पुढच्याच वर्षी याच शर्यतीतले एक स्वार जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी क्रोमोलीची, म्हणजे हलक्या पण मजबूत मिश्र पोलादाची, फ्रेम बांधली.

ग्रॅम मोजणं वाढलं ते क्रॉस-कंट्रीत, म्हणजे चढ-उतार दोन्ही असलेल्या डोंगरी शर्यतीत. 1996 मध्ये अटलांटाला ती ऑलिंपिकमध्ये आली. तिथे चढावरही घड्याळ चालू असतं, तेव्हा मोजणं रास्तच.

एन्ड्युरोत वेळ मोजतात ती फक्त उताराच्या टप्प्यांची. चढ पायडल मारतच चढायचा, पण ठरल्या वेळेत वर पोचलं की झालं. 2013 मध्ये इटलीतल्या पुंता आलाला जागतिक मालिका सुरू झाली. आज 160-170 मिलिमीटर दबणाऱ्या सस्पेन्शनची (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगची) सायकल 15-16 किलो भरली तर कोणी दचकत नाही.

आता साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट धरा. स्वार 70 किलो, सायकल 16. कार्बन फ्रेम घेऊन 600 ग्रॅम वाचवले तरी एकूण वजनात एक टक्काही फरक नाही. 40 मिनिटांच्या चढाला फार तर 17 सेकंद. बाटलीतलं पाणी पिऊन टाकलं तरी जवळपास तेवढंच वजन उतरतं, तेही फुकट.

मी मात्र एकदा शहाणपणा करून वजन वाचवायला पातळ टायर लावले. आपल्या काळ्या दगडाची धार लागली आणि बाजूला बोटभर चीर. रिम वाचावी म्हणून सायकल खांद्यावर टाकली. खाली पोचेपर्यंत फ्रेमचा एकेक ग्रॅम जाणवला.