सिकलसेलचा हिशोब मनाच्या आजाराला लागत नाही

पूर्व विदर्भातल्या खेड्यांत आनुवंशिकता लोकांच्या बोलण्यात आली ती सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात बोटातून रक्त घेतलं जातं, तपासणीचं कार्ड मिळतं आणि सोयरीक जुळवताना दोन्हीकडची कार्डं पाहावीत असं सांगितलं जातं. हिशोब सरळ आहे. एकच जनुक, त्यातला एकच बदल; आई-वडील दोघेही वाहक (स्वतःला आजार नाही, पण बदललेल्या जनुकाची एक प्रत अंगात) असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. मनाच्या आजारालाही गावात हाच हिशोब लावतात. ‘पोरगी चांगली हाये, पन तिच्या आज्याले येड लागलं होतं म्हन्तेत’, एवढं वाक्य बैठक मोडायला पुरतं.

विज्ञानही बराच काळ याच वाटेनं गेलं. 1933 मध्ये जर्मनीत स्किझोफ्रेनियासह (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) अनेक आजारांच्या रुग्णांची सक्तीनं नसबंदी करणारा कायदा झाला. सुमारे 4 लाख लोक त्यात भरडले गेले. जन्मल्याबरोबर आईपासून दूर वाढलेल्या मुलांचा अमेरिकेतला अभ्यास 1966 मध्ये आला. स्किझोफ्रेनिया असलेल्या मातांच्या 47 मुलांपैकी 5 जणांना तो आजार झाला, इतर मातांच्या 50 मुलांपैकी एकालाही नाही. रक्तातून काहीतरी येतं, हे त्यातून दिसलं. त्याच आकड्यांत हेही आहे की 42 जणांना तो झाला नाही.

सगळा घोळ पुढच्या एका आकड्याने घातला. जुळ्यांच्या अभ्यासांवरून स्किझोफ्रेनियाची आनुवंशिकता ‘80 टक्के’ निघाली. हा आकडा वर्तमानपत्रांतून आणि दवाखान्यांच्या ओट्यांवरून फिरत गावात पोचतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘बापाला असेल तर पोराला 80 टक्के होणारच’ असा झालेला असतो. आईवडिलांपैकी एकाला आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता प्रत्यक्षात शंभरात दहाच्या आसपास असते; एरवी ती शंभरात एक. तंतोतंत सारखी जनुकं असलेल्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला तो निम्म्या वेळादेखील होत नाही. आणि बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांत किंवा भावंडांत हा आजार कुणालाच नसतो.

मग 80 टक्के कशाचे? तो आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे, कुणा एकाच्या नशिबाचा नाही. एकाच प्रतीच्या, सारखं पाणी मिळणाऱ्या वावरात दहा वाणांची कपाशी लावली, तर झाडाझाडांतला फरक बहुतेक बियाण्याचाच दिसेल. तेच वाण अर्धे भारी काळ्या जमिनीत आणि अर्धे बरडावर लावले, की त्या फरकातला बियाण्याचा वाटा घसरतो. बियाणं मात्र तेच असतं. हे समजावून न सांगता नुसता आकडा हातात देणं मला घातक वाटतं, कारण त्यावर पोरींची लग्नं मोडतात.

एका जनुकाचा शोधही फसला. नैराश्याशी जोडलेलं एक जनुक 2003 मध्ये खूप गाजलं. 2019 च्या मोठ्या पडताळणीत तो दावा टिकला नाही. स्किझोफ्रेनियासाठी 2014 मध्ये जनुकसंचातल्या 108 जागा सापडल्या, 2022 मध्ये 287. प्रत्येकीचा वाटा अगदी बारीक. त्यांची बेरीज करून काढलेला धोक्याचा अंक मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेला आहे, त्यामुळे यवतमाळच्या किंवा धारणीच्या माणसाला तो नीट लागू पडत नाही. कार्डावर लिहून देता येईल अशी रक्तचाचणी नाही.

जनुकांची अक्षरं तशीच राहून त्यांची चालू-बंद होण्याची पद्धत बदलते, ते एपिजेनेटिक बदल. नेदरलँड्समध्ये 1944-45 च्या उपासमारीत गर्भात आलेल्यांना पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं. चीनमधल्या एका भागात उपासमारीत ते 0.84 वरून 2.15 टक्क्यांवर गेलं. नेदरलँड्समधल्या अशाच लोकांच्या रक्तात साठ वर्षांनीही मिथाइल खुणांचा (जनुकांवर बसणाऱ्या रासायनिक खुणा) फरक सापडला. त्या खुणांमुळेच आजार झाला, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहारातून वाचलेल्यांच्या मुलांत अशा खुणा शोधणारा गाजलेला अभ्यास अवघ्या 22 मुलांचा होता. नातवंडं त्यात नव्हतीच. म्हणून शेतकरी आत्महत्येचा ठसा तिसऱ्या पिढीच्या जनुकांत उतरतो असं म्हणायला आधार नाही. मेळघाटातल्या गरोदर बाईच्या ताटात काय पडतं त्याचा बाळावर परिणाम होतो, याला मात्र आधार भरपूर आहे.

कायद्यानंही जुना समज जपला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात ‘वेडा’ माणूस लग्नाला अपात्र होता. 1976 मध्ये कलम बदललं, पण मानसिक आजारामुळे ‘विवाहाला आणि संततीला अयोग्य’ असल्याची अट आली. मिरगी 1999 मध्ये या कलमातून वगळली गेली. मानसिक आजाराची अट राहिली. तरीही कायदा फक्त वधूवरांबद्दल विचारतो, गाव आजोबांपर्यंत जातं. परिणाम असा की लग्न ठरलं की गोळ्या लपवल्या जातात, मग बंद होतात, आणि आजार सासरी उलटतो. बायपोलर (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाचं नैराश्य असा मनाचा आजार) असलेल्या बाईला बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. त्या वेळी आशाताईला तिच्या चालू गोळ्यांची नावं माहीत असावी लागतात.