नेपाळ विद्युत प्राधिकरण: पूर पावसाळ्यात, टंचाई हिवाळ्यात

नेपाळची वीज समजून घ्यायची तर कुलेखानीपासून सुरुवात करावी. 114 मीटर उंचीचं हे दगडी भरावाचं धरण 1982 साली वीज देऊ लागलं. साठा सुमारे 85 दशलक्ष घनमीटर, म्हणजे जेमतेम 3 टीएमसी. आपल्या कोयनेत 105 टीएमसी मावतं. तरीही हंगामभर पाणी धरून ठेवणारी दुसरी मोठी सोय नेपाळकडे कित्येक दशकं नव्हती. बाकीची बहुतेक केंद्रं वाहत्या पाण्यावर चालणारी. नदीला येईल तेवढंच पाणी टर्बाइनला.

या केंद्रांचं आकारमान साधारणपणे वर्षातले 40 टक्के दिवस नदीत उपलब्ध असणाऱ्या प्रवाहावर ठरवलं जातं. उरलेल्या दिवसांत ती पूर्ण क्षमतेनं चालत नाहीत आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निर्मिती तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरते. पावसाळ्यात पाणी मुबलक, पण त्यातली क्वार्ट्झची बारीक वाळू टर्बाइनचा रनर, म्हणजे फिरणारं चाक, खरवडून काढते. गाळ बसवायला टाक्या असतात, तरी अगदी बारीक कण निसटतातच.

सुरुवात मात्र लवकर झाली. फर्पिंगचं 500 किलोवॅटचं केंद्र मे 1911 मध्ये, पंतप्रधान चंद्रशमशेर राणांच्या काळात सुरू झालं. टाटांच्या खोपोलीच्याही चार वर्षं आधी. पण वीज राणांच्या महालांसाठी होती. दुसरं केंद्र, सुंदरीजल, यायला 1934 उजाडलं. पुढचं बरंचसं परकीय मदतीतून झालं: पनौती सोव्हिएत संघाच्या, त्रिशूली भारताच्या.

16 ऑगस्ट 1985 रोजी सरकारचा विद्युत विभाग, नेपाळ विद्युत महामंडळ आणि काही विकास मंडळं एकत्र करून प्राधिकरण उभं राहिलं. निर्मिती, पारेषण, वितरण, वसुली, सगळं एकाच छपराखाली. 1992 च्या कायद्यानं खासगी कंपन्यांना निर्मितीत वाट मिळाली, पण खरेदीदार एकच राहिला. खिम्ती आणि भोटेकोशी या खासगी केंद्रांचे करार डॉलरमध्ये झाले. वसुली नेपाळी रुपयांत आणि देणं डॉलरमध्ये, त्यामुळे रुपया घसरला की प्राधिकरणाचा तोटा वाढायचा.

एकाच साठ्यावर भिस्त ठेवण्याचा धोका 1993 च्या जुलैत दिसला. ढगफुटीत जुरीखेत ओढ्याजवळ कुलेखानीचा पेनस्टॉक, म्हणजे वीजगृहाकडे दाबानं पाणी नेणारी नळी, वाहून गेली. पहिलं केंद्र थांबलं की त्याच्याच पाण्यावर चालणारं दुसरंही थांबतं. 60 आणि 32 असे 92 मेगावॅट एका फटक्यात गेले. जलाशयातही भरमसाट गाळ आला. दोनच वर्षांनी, ऑगस्ट 1995 मध्ये, जागतिक बँकेनं अरुण-3 या नियोजित जलविद्युत प्रकल्पातून अंग काढून घेतलं. कालीगंडकीचे 144 मेगावॅट 2002 साली आले. मागणी तोवर पुढे निघून गेली होती. त्यात 2008 च्या ऑगस्टमध्ये कोशीच्या पुरानं भारतातून वीज आणणाऱ्या वाहिनीचे मनोरे पाडले. त्या हिवाळ्यात भारनियमन दिवसाला 16 तासांवर पोहोचलं.

2016 च्या सप्टेंबरमध्ये कुलमान घिसिङ प्राधिकरणाचे कार्यकारी संचालक झाले आणि त्या दिवाळीपासून काठमांडूत भारनियमन थांबलं. श्रेय त्यांचंच, पण हे नव्या केंद्रांमुळे झालं असं मानणं चूक आहे. भारताशी जोडणारी ढल्केबर–मुझफ्फरपूर वाहिनी त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झाली होती आणि भारतातून येणारी वीज एकूण पुरवठ्याच्या सुमारे एक तृतीयांशावर गेली. संध्याकाळच्या कमाल मागणीत उद्योगांचा पुरवठा आवळला, कुलेखानीचं पाणी त्याच वेळेसाठी राखलं. वीजगळती सुमारे 26 टक्के होती. पुढच्या काही वर्षांत ती निम्म्यावर आली. उद्योगांसकट देशभरातलं भारनियमन 2018 च्या मे महिन्यात संपलं.

2021 साली अप्पर तामाकोशीचे 456 मेगावॅट जोडले गेले आणि अडचण उलटी झाली: पावसाळ्यात वीज उरू लागली. कराराप्रमाणे खासगी उत्पादकांचे पैसे देणं भाग, म्हणून गिऱ्हाईक शोधणं आलं. त्याच नोव्हेंबरमध्ये भारताच्या वीजबाजारात विक्रीला मुभा मिळाली, सुरुवातीला त्रिशूली आणि देवीघाटच्या 39 मेगावॅटपुरती. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये भारताच्या वाहिन्यांतून बांगलादेशला 40 मेगावॅट देण्याचा त्रिपक्षीय करार झाला, दर युनिटला 6.4 अमेरिकी सेंट. ही विक्री वर्षातून पाचच महिने, 15 जून ते 15 नोव्हेंबर. हिवाळ्यात प्राधिकरण पुन्हा भारताकडूनच वीज घेतं.