मेंदूविकारांच्या अभ्यासपद्धती : ग्रामीण विदर्भ

जिवंत माणसाचा मेंदू सहसा उघडून पाहता येत नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल जे कळते ते आडवाटेने कळते: रुग्णाच्या हालचालींवरून, डोक्यावर टिपल्या जाणाऱ्या विद्युत्-लहरींवरून, क्ष-किरणांच्या किंवा चुंबकाच्या साहाय्याने काढलेल्या प्रतिमांवरून, पाठीतून काढलेल्या पाण्यावरून, आणि कधी मृत्यूनंतर घरच्यांच्या सांगण्यावरून. लकवा, मिरगी, लहान मुलांचा मेंदूज्वर, सिकलसेलमुळे (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या करणाऱ्या आनुवंशिक आजारामुळे) येणारा पक्षाघात हे विदर्भाच्या खेड्यांतले नेहमीचे मेंदूविकार. त्यांतला कोणता आजार कोणत्या पद्धतीने सापडतो हे ठाऊक असणे, जवळ मोठे यंत्र असण्याइतकेच मोलाचे आहे.

विचारपूस आणि तपासणी. मिरगीचे निदान मुख्यतः झटका पाहणाऱ्याच्या सांगण्यावर उभे राहते. रुग्णाला स्वतःला काही आठवत नाही. त्यामुळे शेतात शेजारी निंदण करणारी बाई किंवा वर्गातला बाकावरचा मुलगा हाच खरा साक्षीदार. डोळे उघडे होते की मिटलेले, मान कोणत्या बाजूला वळली, जीभ चावली काय, कपड्यांत लघवी झाली काय, शुद्धीवर यायला किती वेळ लागला, हे त्याला विचारावे लागते. झटका आला की कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची धावपळ होते आणि पाहायचे तेच राहून जाते. रुग्णाला कुशीवर वळवून कोणी मोबाइलवर चित्रण केले, तर डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

लाखोळीच्या डाळीमुळे होणारा लॅथिरिझम तर जवळजवळ पूर्णपणे याच पद्धतीने ओळखला जातो. पूर्व विदर्भात उभ्या धानात लाखोळी फोकून घेतली जाते. पाणी कमी पडले तरी ती तग धरते, म्हणून टंचाईत गरिबाच्या ताटात तीच उरते. महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली, की तिच्यातील ओडॅप हे द्रव्य हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या चेतापेशींना इजा करते. पाय ताठरतात, चालताना गुडघे एकमेकांवर आदळतात, टाचा टेकत नाहीत. गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय जोराने उसळतो. तळव्याच्या कडेवरून बोथट टोक फिरवले, की अंगठा खाली वळण्याऐवजी वर उठतो. ही खूण जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये नोंदवली. स्पर्शाची जाणीव मात्र शाबूत असते. स्कॅनमध्ये बहुधा काहीच सापडत नाही. घरात काय शिजत होते आणि किती दिवस, हे विचारल्याशिवाय या आजाराचा पत्ता लागत नाही.

ईईजी. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरी पहिल्यांदा नोंदवल्या. या लहरी टिपणाऱ्या तपासणीला, म्हणजे ईईजीला, केस धुऊन, तेल न लावता यावे लागते, कारण तेलामुळे डोक्यावरच्या तारांना लहरी नीट टिपता येत नाहीत. गावाहून पहाटेची एसटी धरून आलेल्या रुग्णाला हे आधी कोणी सांगितले नसेल, तर खेप वाया जाते. मिरगी असूनही पहिला ईईजी अनेकदा निर्दोष येतो. तेवढ्यावरून गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे.

सीटी आणि एमआरआय. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या क्ष-किरणांवर चालणाऱ्या सीटी यंत्राने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. पक्षाघातात या तपासणीला पर्याय नाही. तोंड वाकडे झालेला आणि एक हात लुळा पडलेला रुग्ण बाहेरून पाहून रक्तवाहिनी तुंबली आहे की फुटली आहे, हे खात्रीने सांगता येत नाही. तुंबली असेल तर साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे औषध देता येते. फुटली असेल तर तेच औषध जीव घेते. ताजे रक्त सीटीत पांढरे दिसते आणि प्रश्न मिटतो. पण भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. तिथे साडेचार तास ही मुदत कागदावरच राहते. चुंबकावर चालणारी एमआरआय अधिक बारकाईने दाखवते. मिरगीचे मूळ शोधताना, मेंदूतली पट्टकृमीच्या अळीची गाठ पाहताना ती उपयोगी पडते.

पाठीतले पाणी. तापाने फणफणलेले मूल झटके येऊन बेशुद्ध झाले, की मेंदूभोवतीचा द्रव तपासावा लागतो. जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये रूढ केलेली ही पद्धत आहे. मुलाला कुशीवर निजवून, गुडघे पोटाशी घेऊन कंबरेच्या मणक्यांमध्ये सुई घालतात आणि थेंब थेंब द्रव बाटल्यांत धरतात. ‘पाणी काढलं की लकवा होते’ ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यापायी पालक नकार देतात. मज्जारज्जू त्या जागेच्या वरच संपतो, हे त्यांना शांतपणे समजावून सांगणे हा तपासणीचाच भाग मानला पाहिजे. द्रव गढूळ आला तर जिवाणूंचा संसर्ग असण्याची दाट शक्यता असते आणि प्रतिजैविक तातडीने सुरू करावे लागते. विषाणूजन्य मेंदूज्वरात तो बहुधा नितळ असतो.

या विषयात विदर्भाचे नाव जगाच्या वैद्यकात कायमचे नोंदले गेले आहे. १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावच्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला, त्याला गावाचेच नाव मिळाले. वालुमाशीच्या चाव्यातून तो पसरतो आणि त्याने मुलांना मेंदूज्वर होतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडून १८३ दगावली. २००७ मध्ये नागपूर विभागातही मुलांमध्ये साथ आली. हा आजार एक-दोन दिवसांतच जीव घेऊ शकतो, म्हणजे रक्तात प्रतिपिंडे (विषाणूशी लढण्यासाठी शरीर बनवते ती द्रव्ये) तयार होण्याआधीच. अशा वेळी प्रतिपिंडांच्या चाचणीपेक्षा विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी कामी येते. नमुना बर्फात, थंड साखळी न तुटता प्रयोगशाळेत पोचला तरच तिचा निकाल भरवशाचा.

कानशिलावरील डॉपलर. सिकलसेल विदर्भातील अनेक आदिवासी आणि दलित कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. या आजाराच्या मुलांत मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन लहान वयातच पक्षाघात येऊ शकतो. कानशिलावर ध्वनिलहरींचे यंत्र टेकवून रक्ताचा वेग मोजतात. सरासरी वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर धोका मोठा, आणि नियमित रक्त देऊन तो बराच टाळता येतो. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, यंत्र गावात नेता येते. तालुक्याच्या प्रत्येक सिकलसेल शिबिरात ही तपासणी असायला हवी.

मौखिक शवपरीक्षा. घरीच झालेल्या मृत्यूचे कारण शोधण्यासाठी प्रशिक्षित कार्यकर्ता कुटुंबाकडे बसून शेवटच्या दिवसांची लक्षणे विचारतो आणि डॉक्टर त्यावरून कारण ठरवतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ही पद्धत वापरली. तिथल्या ८६ गावांच्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले, दर सात मृत्यूंमागे सुमारे एक. पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार असल्याचा समज या आकड्याने मोडला. रक्तवाहिनी फुटली होती की तुंबली होती, हे मात्र या पद्धतीने सांगता येत नाही. गावपातळीवर रक्तदाब तपासण्याची आणि गोळ्या पुरवण्याची आखणी करायला तेवढी माहिती पुरते.